टायरच्या दुकानामागचा छापखाना

मास्तरांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होतो. फोनवर ते हॅलो वगैरे म्हणत नाहीत, थेट कामाचं बोलतात.

"गुरुवारी सकाळी गाडी चालवशील?"

"कुठे?"

"इमिग्रेशनच्या ऑफिसात. मावशींना हजेरीला बोलावलंय. माझी गाडी गॅरेजमध्ये पडलीय."

मी डबा बंद केला. मावशी आमच्या छापखान्यात पुस्तकं शिवायच्या. इथे राहण्याबद्दलची त्यांची केस कोर्टात पडून होती, म्हणून हजेरी दरवर्षीच असायची. जायचं, खिडकीवर कागद दाखवायचे, पुढची तारीख घ्यायची आणि घरी यायचं. पण आता हजेरीला गेलेली माणसं परत येईनाशी झाली होती. सगळीच नाही. कोण येईल आणि कोण नाही हे मात्र कुणालाच आधी सांगता येत नव्हतं. आमच्या ओळखीतल्या एका माळ्याला तिथूनच उचलून दुसऱ्या राज्यातल्या कोठडीत नेलं होतं आणि त्याच्या बायकोला ते दोन दिवसांनी कळलं होतं.

"मी फक्त गाडी चालवायची ना?" मी विचारलं.

"फक्त गाडी."

हे मास्तर म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ओकलंडमधले एक कवी, छोटा छापखाना चालवणारे. वय साठीच्या पुढे, कानात चांदीची बाळी, पांढऱ्या केसांची बारीक वेणी. छापखान्यातले सगळे त्यांना 'माएस्त्रो' म्हणतात, स्पॅनिशमध्ये गुरुजी. मला पहिल्या दिवशी ते 'मास्तर'च ऐकू आलं आणि मी तेच धरलं. त्यांनाही ते आवडलं. त्यांचे आईवडील मेक्सिकोहून शेतात राबायला आले, ते स्वतः इथेच जन्मले. शाळेत स्पॅनिश बोललं की बाई हातावर पट्टी मारायच्या, त्यामुळे त्यांची स्पॅनिश अजूनही अडखळते. 'चिकानो' हा शब्द आधी लोक त्यांच्यासारख्यांना हिणवायला वापरत. "मग आम्हीच तो वापरायला लागलो, तेव्हा त्यांची पंचाईत झाली," असं ते सांगतात. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष ही स्वतःची ओळखही ते अशीच सांगतात, जणू आपण कुठल्या गल्लीत राहतो ते सांगावं.

आमची गाठ पडली फ्रीमाँटच्या लायब्ररीत. शनिवारी दुपारी त्यांचं कवितेचं वर्कशॉप होतं. मी नागपूरहून इथे येऊन बरीच वर्षं झाली होती. दिवसभर कोड लिहायचो आणि फोनच्या नोट्समध्ये मराठी कविता. त्या कुणालाच दाखवल्या नव्हत्या. मास्तर म्हणाले, "तुम्ही ज्या भाषेत भांडता, त्या भाषेतलं काहीतरी वाचा." मी वाचलं. कुणाला काहीच कळलं नाही, पण मास्तर वर्गानंतर माझ्यामागे पार्किंगपर्यंत आले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. घड्या घालायला माणसं कमी पडतात."

छापखाना टायरच्या दुकानामागे, एका लांबट शेडमध्ये. एक जुनं छपाईचं मशीन, दोन टेबलं, कागदाचे गठ्ठे. दुकानात चाकाचे नट काढायची गन सुरू झाली की आमची भिंत थरथरायची आणि छापताना रंग इकडचा तिकडे सरकायचा. मी पानांच्या घड्या घालायचो. मावशी दाभणाने भोकं पाडून पुस्तकं शिवायच्या. सगळे त्यांना 'डोन्या' म्हणत. मोठ्या बाईला मान देऊन हाक मारायचा तो शब्द. माझ्या तोंडी मात्र पहिल्यापासून मावशीच आलं, आणि त्याचा अर्थ कळल्यावर त्या खूश झाल्या. मेक्सिकोच्या दक्षिणेतल्या डोंगरातल्या त्या. त्यांची मूळ भाषा तिथल्या मोजक्या गावांतच बोलतात. स्पॅनिशसुद्धा त्या इथे येण्याआधी बाजारात शिकल्या होत्या. आठवडाभर एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुवायच्या आणि चादरींच्या घड्या घालताना सुचेल ते आधी आपल्या भाषेत आणि मग स्पॅनिशमध्ये फोनवर बोलून ठेवायच्या. मास्तर ते ऐकून कागदावर उतरवायचे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं मी मास्तरांना एकदा विचारलं होतं. हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझे मित्र एकामागून एक मेले. एड्सने. ज्याच्याबरोबर मी राहत होतो तोही गेला. त्याचे घरचे आले, त्याच्या कविता खोक्यात भरल्या आणि कचऱ्यात टाकल्या. पेपरात आलेल्या बातमीत मला 'रूममेट' म्हटलं होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याच्या दोन ओळी मला पाठ आहेत. बाकी काही नाही."

त्या वर्षी आम्ही एक संग्रह काढत होतो. घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी, अशा लोकांच्या कविता. एका बाजूला मूळ आणि समोर इंग्रजी. त्यात मावशींच्या कविता होत्या आणि माझी एक होती. मास्तरांच्या कॉम्प्युटरवर देवनागरीची जोडाक्षरं फुटायची. 'त्या'तला त एकीकडे आणि या दुसरीकडे. मी दुरुस्त करत बसलो होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "इंग्रजीत तू नुसतं 'यू केम' लिहिलंयस. मराठीत आलेला माणूस बाई आहे की पुरुष हे कळतं का?"

"कळतं," मी म्हणालो. "शेवटच्या अक्षरात. आलास म्हणजे पुरुष. आलीस म्हणजे बाई."

"आणि तू काय लिहिलंयस?"

"आलास."

त्यांनी कवितेखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "नाव घालायचं की नाही?"

हा प्रश्न मला कित्येक आठवडे छळत होता. मी वर्क व्हिसावर. ग्रीन कार्डची रांग इतकी लांब की तिच्याकडे बघणंच सोडून दिलेलं. कंपनीत लेऑफ सुरू होते. नोकरी गेली की दोन महिन्यांत गाशा गुंडाळायचा. रोज दुपारी मी ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडून काहीबाही शोधायचो: कुठल्या पुस्तकात नाव आलं तर, कुठल्या मोर्च्याच्या फोटोत दिसलो तर. मग विंडो बंद केली तरी वाटायचं, कुणीतरी पाहिलंच असेल. आणि या सगळ्याच्या वर आई. ती नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"नाव नको," मी म्हणालो होतो.

"ठीक," मास्तर म्हणाले. "घाबरण्याचा हक्क आहे तुला. मी त्यावर भाषण देणार नाही."

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला 'डेंटिस्टकडे जातोय' असा मेसेज टाकला. आईला खरं सांगितलं, अर्धं. छापखान्यातल्या एका बाईंना सरकारी ऑफिसात सोडायचंय. ती ओट्यापाशी उभी होती. "पोलिसांचं काही लफडं नाही ना रे?" तिने विचारलं.

"नाही गं. कागदांचं काम."

"मग असा का दिसतोयस?"

मी किल्ली उचलली आणि निघालो.

मावशी मास्तरांबरोबर फुटपाथवर उभ्या होत्या. ऊन चांगलं तापलं होतं आणि त्यांनी दोन स्वेटर घातले होते, एकावर एक. पायात जाड मोजे. कुणीतरी सांगितलं होतं की कोठडीत फार थंडी असते. कानातलं काढून ठेवलं होतं. गाडीत बसल्यावर त्यांनी घराची किल्ली मास्तरांच्या हातात दिली आणि मांजराला काय घालायचं ते सांगितलं. मास्तरांनी किल्ली खिशात टाकली आणि लगेच मावशींच्या एका कवितेतल्या स्वल्पविरामाबद्दल वाद घालायला सुरुवात केली. तो स्वल्पविराम काढावा असं त्यांचं म्हणणं. मावशींचं म्हणणं, तिथे मी श्वास घेते, तो राहू दे. पूल ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोत शिरेपर्यंत हाच वाद चालला होता. मावशी काहीतरी म्हणाल्या आणि मास्तर हसले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतात, आज परत आले नाही तर तू तो काढून टाकशील, म्हणून मला परत यावंच लागेल."

ठरलं होतं ते असं: इमारतीच्या दाराशी वकीलबाई भेटतील, मास्तर आणि त्या मावशींबरोबर वर जातील, मी जवळपास गाडीत थांबेन. "माझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे," मास्तर उतरताना म्हणाले. "मला दोनदा निदर्शनांत रस्त्यावर बसल्याबद्दल पकडलंय, दोन्हीदा घरी सोडलंय. तू उतरू नकोस. काहीही झालं तरी."

रांगेत ते तिघं दिसेनासे होईपर्यंत मी पाहत राहिलो. मागून हॉर्न वाजला. मी दोन गल्ल्या सोडून एका झाडाखाली गाडी लावली. फोन मांडीवर. बातम्या उघडायच्या नाहीत असं ठरवलं आणि उघडल्या. आईचा मेसेज आला, 'जेवायला येणार का?' मावशी आल्या नाहीत तर मास्तर काय करतील, ती किल्ली, ते मांजर, शिवायची राहिलेली पुस्तकं, असं मन कुठेही धावत होतं. एवढ्यात काचेवर टकटक झाली. गणवेशातला माणूस.

काच खाली करताना बटण सापडेना. मनात पाठ केलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना.

"आज इथे रस्ता झाडतात," तो म्हणाला. "गाडी हलवा, नाहीतर तिकीट देईन."

मी थँक यू म्हणालो, पुन्हा म्हणालो, आणि गाडी सुरू करताना गिअर चुकला. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "यू ओके?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

दुपार झाली तेव्हा फोन आला. "ये," मास्तर एवढंच म्हणाले. त्या एका शब्दावरून मला काहीच कळेना. इमारतीच्या कोपऱ्यावर पोचलो तर मास्तर एकटेच उभे. खांदे पडलेले. एकटेच. मी ब्रेक दाबला तो इतक्या जोरात की फोन खाली पडला. मग ते बाजूला सरकले. त्यांच्यामागे बुटक्या कठड्यावर मावशी बसल्या होत्या, खाली वाकून स्वतःच्या पायाकडे बघत.

घोट्यावर काळा पट्टा होता, त्यावर साबणाच्या वडीएवढं यंत्र. त्या कुठे जातात हे आता त्या ऑफिसला दिसत राहणार होतं. त्यांना गावाबाहेर जायला बंदी होती. आणि ते यंत्र रोज चार्ज करायचं होतं, पायात असतानाच, भिंतीशी बसून.

"जड नाही," मावशी गाडीत बसत म्हणाल्या. "गरम लागतं." मग त्यांनी वरचा स्वेटर काढला.

पूल ओलांडल्यावर मास्तरांनी त्यांना हळूच विचारलं, पुस्तकात नाव ठेवायचं ना? की बदलायचं? मावशींनी जे उत्तर दिलं ते मास्तरांनी मला इंग्रजीत सांगितलं. "माझं नाव, पत्ता, बोटांचे ठसे, सगळं त्यांच्याकडे आहे. माझी कविताच तेवढी त्यांच्याकडे नाही. ती माझ्याच नावाने जाऊ दे."

त्यांना घरी सोडल्यावर मी मास्तरांना म्हणालो, "माझंही नाव घाला." मास्तर म्हणाले, "मीहो," म्हणजे बाळा, "आज नको ठरवूस. आज तू दमलायस. सोमवारी सांग." सोमवारी मी तेच सांगितलं. भीती तशीच होती.

प्रकाशन रविवारी दुपारी, छापखान्याबाहेरच्या अंगणात ठेवलं. टायरचं दुकान बंद होतं. आई म्हणाली, "तुझी कविता छापून आली आणि मी घरी बसून काय करू?" तिने निळी साडी नेसली. एट-एटी हायवेवरून जाताना सगळा वेळ मला एकच गोष्ट टोचत होती. त्या अंगणात मराठी कळणारं एकच माणूस असणार होतं, आणि ते माझ्या शेजारी सीट बेल्टशी झटापट करत बसलं होतं.

फाटकाशी दोघं जण गळ्यात शिट्ट्या अडकवून उभे होते. त्या भागात इमिग्रेशनच्या एजंटांच्या गाड्या फिरताना दिसल्या होत्या. गाडी आली की शिट्टी, म्हणजे ज्यांना जायचंय त्यांनी शेडच्या मागच्या दाराने जायचं. खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. बाकीचे लोक भीतीपोटी आलेच नव्हते. एकदा एक पांढरी व्हॅन फाटकापाशी थांबली आणि अख्खं अंगण गप्प झालं. तो प्लंबर होता, वळण घेत होता. आईने माझ्या दंडाला धरलं. "ही माणसं कुणाला घाबरतायत?" मी तिला थोडक्यात सांगितलं. तिने दंड सोडला नाही.

मावशी वाचायला उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पायातलं यंत्र थरथरायला लागलं. मग वाजायला लागलं. बॅटरी संपत आली होती. सकाळची शिफ्ट करून त्या थेट आल्या होत्या, चार्जिंगला वेळच मिळाला नव्हता. ते बंद पडलं तर नियम मोडल्यासारखं होणार होतं. मास्तर धावले. वायर अंगणापर्यंत पोचेना. शेवटी त्यांनी छपाईच्या मशीनचा प्लग काढला, खुर्ची शेडच्या दारातल्या भिंतीपाशी ओढली, माइकही तिथे नेला. मावशी बसल्या, पाय लांब केला, वायर लावली आणि वाचायला लागल्या. मध्येच यंत्रातून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला, बॅटरीबद्दल काहीतरी सांगणारा. मावशी थांबल्या. आवाज संपेपर्यंत वाट पाहिली आणि पायाकडे बघून स्वतःच्या भाषेत एकच शब्द बोलल्या. त्यांच्या गावाकडची दोन-तीन माणसं जोरात हसली. मग त्यांनी ती ओळ पहिल्यापासून वाचली.

आई रडत होती. तिला ना इंग्रजी नीट कळत होतं ना ती भाषा.

नंतर माझं नाव पुकारलं. मी आधी इंग्रजी वाचलं, मग मराठी. आईकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. ती ओळ आली, 'भिजून आलास, आणि दारात चपला नीट लावल्यास', तेव्हा आवाज बारीक झाला, पण अक्षर गिळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या, इतरांच्या थोड्या मागून.

आम्ही घरी निघालो. मी रेडिओ लावला, बंद केला.

"चपला नीट लावणारा," ती म्हणाली, "तुझा रूममेट होता तोच ना? आता तिकडे सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला असतो तो?"

"हो."

"त्याचं तर लग्न झालं."

"झालं."

पुढची एक्झिट गेली. "मी त्याला डिंकाचे लाडू पाठवले होते," ती म्हणाली. माझ्यावर रागावली होती की त्याच्यावर, की स्वतःवर, मला आजही सांगता येणार नाही. मग म्हणाली, "बाबांना आत्ता काही बोलू नकोस. त्यांची अँजिओग्राफी होऊ दे." आणि मग, घराच्या गल्लीत वळताना, "ती बाई अंघोळ कशी करत असेल रे? त्यात पाणी नाही का जात?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी तिने स्वतःच येऊन मावशींना खुणांनी विचारलं. पाणी गेलेलं चालतं, पण पट्ट्याखालची कातडी सोलवटते, असं मावशींनी दाखवलं. आईने नागपूरहून आणलेलं कैलासजीवन त्यांना दिलं. नागपूरला परत जाईपर्यंत ती दर रविवारी माझ्याबरोबर येत राहिली आणि घड्या घालत राहिली. माझ्यापेक्षा तिच्या घड्या सरळ यायच्या. माझ्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. बाबांची अँजिओग्राफी होऊन गेली, तरी तिने त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. फोनवर मी विषय काढला की "तब्येत सांभाळ" म्हणते आणि फोन बाबांकडे देते.

माझ्या व्हिसाचं काही बिघडलं नाही. निदान अजून तरी नाही. ऑफिसात एकाने ऑनलाइन माझं नाव पाहिलं आणि "यार, तू पोएट आहेस?" एवढंच विचारलं. मी त्यावरही दोन दिवस विचार करत होतो, त्याने नक्की काय काय वाचलं असेल म्हणून.

मावशींची कोर्टाची तारीख दोनदा पुढे गेली. वकीलबाईंनी अर्ज करकरून पायातलं यंत्र काढवून घेतलं. आता त्यांना फोनवरून ठरलेल्या वेळी स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो पाठवावा लागतो. फोटो अंधुक आला की फोन येतो, म्हणून लाँड्रीत त्या सगळ्यात उजेडाची जागा धरून उभ्या राहतात. त्यांचं स्वतःचं पुस्तक सध्या छापायला घेतलंय. कव्हरचा रंग ठरत नाही. मास्तरांना पिवळा हवाय, त्यांना पिवळा अजिबात नकोय. कोर्टाच्या तारखेआधी ते हातात पडायला हवं, असं मास्तर म्हणतात. का, ते कुणी विचारत नाही. आम्ही आता शनिवारीही जातो.